मूठमाती

2025 साली 2 मार्चला पहिला रोजा झाला आणि तीनच दिवसांनी, 5 मार्चला, ख्रिस्ती बांधवांचा राखेचा बुधवार आला. त्यामुळे आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दुपारचा चहा फिरू लागला की खिडकीपाशी आम्ही दोघीच रिकाम्या हातांनी बसलेल्या असायचो. माझा रोजा, तिचा उपवासकाळ. ती मूळची नंदाखालची. कित्येक वर्षं आम्ही एकमेकींच्या डब्यात हात घालत आलोय. या महिन्यात दोघींचे डबे बंद. त्या बुधवारी ती सकाळच्या मिस्सेहून थेट तासाला आली होती. कपाळावर राखेचा क्रूस होता. एका मुलाने विचारलं, "मॅडम, कपाळाला काय लागलंय?" "मरण," ती म्हणाली आणि फळ्याकडे वळली.

ही राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून करतात. ती लावताना धर्मगुरू माणसाला आठवण करून देतात, की हे शरीर मातीचं आहे आणि ते एक दिवस मातीकडेच जायचं आहे. आमच्याकडे दफनाच्या वेळी कबरीत तीन मुठी माती टाकताना कुराणातली जी आयत म्हणतात, तिचा आशयही जवळपास हाच. फक्त त्याच मातीतून पुन्हा उठवलं जाण्याची गोष्ट तिच्या शेवटी येते. 13 तारखेला गावोगाव होळी पेटली आणि दुसऱ्या दिवशी तिचीही राख कपाळांना लागली. एका पंधरवड्यात इतकी राख, इतकी माती.

आणि मग तिची आई गेली.

रमजानचं दुसरं दशक चालू होतं. या दहा दिवसांना आमच्याकडे मगफिरतचे, म्हणजे क्षमेचे दिवस म्हणतात. म्हातारीला मी ओळखत होते. वाडीतली भाजी आणि फुलं पहाटेच्या लोकलने दादरला नेऊन तिने आयुष्यभर विकली, त्यावर चार मुलं शिकवली. मी घरी गेले की माझा हात धरून आधी बोटं तपासायची, मग म्हणायची, "खडू धरून धरून हात कसे कोरडे झालेत बघ." तिच्या स्वतःच्या हातांना कायम झेंडूचा वास असायचा.

निघताना एका परिचित बाईंनी विचारलं, "रोज्यात चर्चच्या मयतीला जायचं?" त्यांचा हेतू वाईट नव्हता, शंका खरी होती. मी त्यांना हदीसमधली एक प्रसिद्ध हकिकत सांगितली. पैगंबर साहेबांच्या समोरून एक जनाजा चालला होता, ते उठून उभे राहिले. सोबतच्यांनी सांगितलं, हा तर एका यहुद्याचा जनाजा आहे. त्यावर, तोही एक जीवच नव्हे का, अशा अर्थाचा प्रश्न पैगंबर साहेबांनी उलट केला. बाई गप्प झाल्या. रिक्षा स्टँडपर्यंत माझ्याबरोबर आल्या.

विरार स्टेशनवरून आगाशीच्या दिशेने निघालं आणि बोळिंजच्या इमारती मागे पडल्या की हवा बदलते. अजूनही बदलते, असं म्हणायला हवं. केळीच्या वाड्या, विहिरी, मधूनच एखादं बावखळ. हे हिरवेपण टिकावं म्हणून ज्यांनी हरित वसईची लढाई केली, ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच नंदाखालचे. 1942 सालचा त्यांचा जन्म. 'सुवार्ता'चं संपादन, 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमी पुरस्कार, 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. 2024 च्या 25 जुलैला ते गेले, तेव्हा त्यांचा अंत्यविधीही इथल्याच पवित्र आत्मा चर्चमध्ये झाला. भर पावसात सारी वसई लोटली होती. आता आठ महिन्यांनी त्याच चर्चमध्ये, त्याच वेदीसमोर, दादरला फुलं विकणारी एक बाई होती. प्रार्थना तीच, चालही तीच. रडणारे मात्र अर्थातच वेगळे.

एका गोष्टीने मात्र मी चमकले. म्हातारीला शवपेटी नव्हती. पांढऱ्या सुती कापडात तिला गुंडाळलं होतं. गेल्या काही वर्षांत वसई धर्मप्रांतातल्या काही धर्मग्रामांत ही पद्धत रुजू लागली आहे. कारण साधं आणि व्यवहारी आहे. दफनभूमीची जागा तेवढीच, गाव वाढतंय, आणि पॉलिश मारलेल्या लाकडाच्या पेट्या वर्षानुवर्षं कुजत नाहीत. पेटी कुजली नाही तर पुढच्या माणसाला जागा मिळत नाही. मैत्रिणीच्या घरी यावर थोडा वादही झाला होता. मोठ्या मामांना पेटीच हवी होती, लोक काय म्हणतील म्हणून. म्हातारीनेच आधी सांगून ठेवलं होतं, "मी आयुष्यभर मातीत हात घातले, आता माती आणि माझ्यामध्ये फळ्या कशाला?" मैत्रीण माझ्या कानाशी म्हणाली, "तुमच्यासारखंच झालं की."

आमच्याकडे पुरुषाला कफनाची तीन कापडं, बाईला पाच. इजार, कमीस, ओढणी, सीनाबंद आणि सर्वांत बाहेरून गुंडाळायची चादर. तिला लिफाफा म्हणतात. आपण पत्र घालतो तोच शब्द. शिवण नाही, काज नाही, बटण नाही. नवाबाला आणि हमालाला कापड तेच. माझ्या आजीला मी स्वतः या पाच कापडांत गुंडाळलं आहे. बाईच्या मय्यतला गुसल देण्याचं, म्हणजे अंघोळ घालण्याचं काम बायकाच करतात. कोमट पाणी, बोरीची पानं, कापूर. शेवटची गाठही आम्हीच बांधतो. त्यानंतर पुरुष येतात, जनाजा उचलतात, आणि आम्ही दारात उभ्या राहतो.

नंदाखालला मी दफनभूमीच्या फाटकापाशी आल्यावर सवयीने थांबले. पाय आपोआपच थांबले. बाकीच्या बायका आत चालल्या होत्या. लाल लुगड्यातल्या एक आजीबाई, मैत्रिणीच्या मावशी, मागे वळल्या. त्यांनी कादोडीत काहीतरी म्हटलं, त्यातला 'चल' एवढा मला कळला. कबरीच्या कडेला सगळे रांगेने पुढे होऊन माती टाकत होते. माझी पाळी आली. मावशींनीच माझ्या हातात माती दिली. वाडीच्या मातीसारखीच होती, ओलसर. ती खाली कापडावर पडली. पेटी नसल्यामुळे आवाज फारसा आला नाही.

चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी पहिल्यांदा कुणाला तरी माती दिली होती.

मराठीत आपण 'मूठमाती देणे' म्हणतो. उर्दूत 'मिट्टी देना'. गावाकडचा माणूस मयतीला गेलो असं न म्हणता 'मातीला गेलो होतो' म्हणतो. जाळणाऱ्यांच्या आणि पुरणाऱ्यांच्या भाषेत शब्द एकच. 'मयत' तर अरबीतून आलेला, पण तलाठ्याच्या दप्तरात तो सगळ्या धर्मांना लागू. देसाई असो, दिब्रिटो असो की डोंगरे, गेल्यावर तो 'मयत खातेदार' होतो, सातबाऱ्यावर त्याचं नाव कंसात जातं आणि वारसांची नावं चढतात. सरकारी कागद अशा बाबतीत फार निःपक्षपाती असतो. मैत्रिणीच्या भावांना आता तीच खटपट करायची आहे.

दफनानंतर घरी पोहोचेपर्यंत साडेसहा वाजले होते. शोकाचं घर, शंभर माणसं, पण माझा रोजा आहे हे कुणाच्या तरी लक्षात होतं. माजघरात मला बसवलं. समोर तांब्याभर पाणी आणि बशीत सुकेळी. राजेळी केळी उन्हात वाळवून करतात ती, वसईची. खजूर घरात नाही म्हणून मैत्रिणीची वहिनी ओशाळली होती. पावणेसातच्या सुमारास मोबाइलवर अजान झाली, मी सुकेळीने रोजा सोडला. खजुराच्या गोडीहून फार वेगळी नव्हती. मैत्रीण शेजारी येऊन बसली. दिवसभरात पहिल्यांदाच बसली असावी. बराच वेळ गप्प राहून तिने विचारलं, "तुझ्या अब्बांची कबर कशी आहे गं?"

मला सांगता येईना.

अब्बा 2020 च्या रमजानात गेले. कोरोनाने नव्हे, हृदयविकाराने. पण दिवस टाळेबंदीचे होते. अंत्ययात्रेला वीस माणसांची मर्यादा होती. भाईजान पुण्यात अडकले, त्यांना पास मिळाला नाही. धाकटा भाऊ, दोन चाचा आणि मोहल्ल्यातली काही माणसं एवढ्यांनी त्यांना नेलं. मी दारात उभी होते, नेहमीसारखी. भाईजान आजही जेवताना मध्येच थांबतात आणि म्हणतात, "अब्बांना मिट्टी द्यायला मिळाली नाही." घरातले सगळे हळहळतात, मीही हळहळते. मलाही ती मिळाली नव्हती. पण माझ्यासाठी कुणी हळहळावं हे कुणाला सुचलं नाही. खरं तर मलाच सुचलं नव्हतं.

त्या वर्षी सगळ्याच धर्मांचे पुरुष आमच्यासारखे दाराबाहेर राहिले. मुलाला बापाचं तोंड पाहता आलं नाही, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह लांबून दाखवला गेला. मार्च 2020 मध्ये मुंबई महापालिकेने कोरोनाचे सगळे मृतदेह धर्म न पाहता जाळावेत असं पत्रक काढलं आणि त्याच दिवशी ते मागे घेतलं. वांद्र्याच्या कब्रस्तानांत कोरोनाच्या मय्यती नकोत म्हणून शेजारचे रहिवासी उच्च न्यायालयात गेले. मे महिन्यात न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. भीतीने माणसं काय काय करतात! आणि त्याच शहरात बडा कब्रस्तानशी जोडलेले मुस्लिम स्वयंसेवक बेवारस झालेल्या हिंदू मृतदेहांनाही स्मशानात नेऊन अग्नी देत होते, कारण घरचं कुणी येऊ शकत नव्हतं. मृत्यूने सगळ्यांना एका रांगेत आणलं होतं खरं, पण त्या रांगेत कुणी कसं उभं राहायचं हे जिवंत माणसंच ठरवत होती.

मरणापुढे सगळे सारखे, हे वाक्य आपण तिन्ही धर्मांचे लोक फार सहज बोलून जातो. ते तपासायचं तर वसईच्या किल्ल्यात जावं. तिथे फ्रान्सिस्कन साधूंच्या पडक्या चर्चची जमीन म्हणजे कबरींच्या शिळांचीच फरशी आहे. पोर्तुगीज उमरावांना चर्चच्या आत, वेदीच्या जवळ पुरलं जाई. शिळांवर त्यांची नावं, हुद्दे, घराण्यांची चिन्हं कोरलेली. ज्यांची ऐपत नव्हती ते बाहेर, नाव नसलेल्या मातीत. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे किल्ला पडला, उमराव गेले, पुढे छपरंही गेली. आज त्या शिळांवरून शेळ्या चालतात आणि लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. दरवर्षी मी मुलांना तिथे नेते. मुलं विचारतात, मॅडम, हे कुणाचं नाव? मला पोर्तुगीज येत नाही. म्हणजे जागेसाठी दाम मोजलेले आत गेले, आणि शेवटी त्यांचं नावही वाचणारा उरला नाही.

आमच्याकडे नियम स्पष्ट आहे. कबर पक्की बांधू नये, तिच्यावर इमारत उठवू नये, असा पैगंबर साहेबांचा आदेश हदीसच्या ग्रंथांत आहे. दिल्लीत निजामुद्दीनला शाहजहानच्या मुलीची, जहाँआराची कबर वरून उघडी आहे, तिच्यावर गवत उगवतं. तिच्या आईसाठी ताजमहाल उभा राहिला होता. पण आमच्याही कब्रस्तानांत संगमरवर आहे, घराण्यांच्या राखीव जागा आहेत. जनाज्याच्या नमाजेत एका रांगेत खांद्याला खांदा लावून उभी राहणारी माणसं दहा मिनिटांनी आत गेल्यावर 'आमची बाजू', 'त्यांची बाजू' म्हणू लागतात, हे मी भावाकडून ऐकलं आहे. आणि गावच्या स्मशानात दलितांच्या चितेला जागा नाकारल्याच्या बातम्या तर आपण याच वर्तमानपत्रांत वाचतो.

वर्गात चोखोबा शिकवताना मला दरवेळी एका जागी अडखळायला होतं. मंगळवेढ्याला कुसाचं बांधकाम चालू असताना भिंत कोसळली, मजूर तिच्याखाली गेले, त्यांत चोखोबा. साल 1338. नामदेव महाराज त्यांच्या अस्थी आणायला गेले तेव्हा ढिगाऱ्यात सगळ्यांची हाडं एकत्र झालेली. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, अशी कथा आहे. श्रद्धेची गोष्ट श्रद्धेच्या जागी. मला त्यातली साधी गोष्टच मोठी वाटते: हाडांवरून जात ओळखता आली नाही. पण पंढरपुरात त्या अस्थींना समाधी मिळाली ती महाद्वारासमोर, दाराबाहेर. जिवंतपणी जिथे थांबावं लागलं तिथेच.

दार हा शब्द नंदाखालहून परतल्यापासून माझ्या डोक्यात होता. मग मी पुस्तकं काढली. पैगंबर साहेबांनी सुरुवातीला कबरींवर जायला मनाई केली होती, पुढे परवानगी दिली, कारण त्याने परलोकाची आठवण राहते. बायकांविषयी आलिमांत मतभेद आहेत, आणि ते शतकानुशतकांचे आहेत. कोकणातले आम्ही बहुतेक शाफई, आमच्याकडे बायकांचं जाणं नापसंतच मानतात. पण हजरत आयेशा आपल्या भावाच्या, अब्दुर्रहमान यांच्या कबरीवर गेल्याची नोंद आहे. एका कबरीशेजारी रडत बसलेल्या बाईला पैगंबर साहेबांनी धीर धर असं सांगितल्याची हदीस आहे, तिला घरी जा म्हटलेलं नाही. मी आलिम नाही, फतवा द्यायचा मला अधिकार नाही. जी बाई परंपरेने दारात थांबते तिचं दुःख कमी आहे असंही मला म्हणायचं नाही. माझी अम्मी कधी गेली नाही, तिला जावंसं वाटलंही नाही. घरी बसून तिने अब्बांसाठी किती कुराण वाचलं असेल, त्याची गणती नाही. मला मात्र आता जावंसं वाटत होतं.

सोमवारी मी धाकट्या भावाला फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आपा, असरच्या आधी चल. तेव्हा गर्दी नसते."

आमचं कब्रस्तान लहान आहे. भोवतीने चाळी आणि इमारती उठल्यात, भिंतीवर कुणीतरी कपडे वाळत घातले होते. फाटकाशी कबरी खोदणारे चाचा बसले होते. मी डोक्यावरची ओढणी नीट केली आणि काय बोलावं याची मनात जुळवाजुळव करू लागले. हदीस, संदर्भ, सगळं तयार होतं. चाचा उठले आणि म्हणाले, "या बेटा. मास्तरांची मुलगी ना?" एवढंच. मी इतकी वर्षं ज्या दारात थांबले होते, तिथे अडवायला कुणीच नव्हतं.

अब्बांची जागा लिंबाच्या झाडाखाली आहे, हे मला माहीत होतं. पण तिथे पाच वर्षांची जुनी कबर नव्हती. माती बरीच नवी होती. भाऊ चाचांकडे पाहू लागला, मग जमिनीकडे. त्याला माहीत होतं, आम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. चाचा म्हणाले, "जागा कमी आहे बेटा. मागच्या पावसाळ्याआधी इथे एक मुलगा ठेवला. बांधकामावर होता, चौथ्या मजल्यावरून पडला. गावाहून कुणी पोहोचलं नाही. मास्तर नेक माणूस, म्हटलं त्यांच्याजवळच ठेवू."

"नाव काय त्याचं?"

"रजिस्टरमध्ये असेल."

मला राग येईल असं भावाला वाटत असावं. मीही एक क्षण तसं समजून उभी होते. अब्बा शाळामास्तर होते. घरी वेळी-अवेळी कुणाची तरी पोरं येत, कुणाचा फॉर्म भरायचा असे, कुणाची फी राहिलेली असे. अम्मी चिडायची, "झोपायला जागा तरी ठेवा घरात." मला तेच आठवलं आणि हसू आलं. कब्रस्तानात हसू नये.

आम्ही दुआ मागितली. अब्बांचं नाव घेतलं. त्या मुलाचं माहीत नव्हतं, म्हणून 'आणि यांच्यासोबत जो आहे त्याला' असं म्हटलं. ढिगाऱ्याची एका बाजूची माती घसरली होती. मी वाकून ती दोन्ही हातांनी वर सारली. भाऊ म्हणाला, "आपा, आता माती द्यायची नसते." मी म्हटलं, "देत नाही, सारखी करतेय." तोही मग वाकला. मशिदीतून असरची अजान झाली तेव्हा चाचांनी नळाखालची बादली आणून आमच्यापुढे ठेवली, हात धुवायला. परत जाताना ऑफिसच्या खिडकीशी थांबून मी रजिस्टर मागून घेतलं. मुलाचं नाव होतं. वयाच्या रकान्यात 'अंदाजे 22' लिहिलं होतं, आणि वारसाच्या रकान्यात काही नव्हतं.